आनुवंशिकतेवर प्रकल्प करायचाय? विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, दरवर्षी येणारे हे प्रश्न. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाही. ज्या विषयात दम आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

डीएनएचं मॉडेल करून नेलं तर चालतं का?

प्रदर्शनाच्या टेबलावर चालतं, प्रकल्प म्हणून नाही. मॉडेल करताना तुम्ही कुठल्याच प्रश्नाचं उत्तर शोधत नसता. वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 साली मांडलेली रचना फक्त पुन्हा चिकटवत असता. तरी करायचंच असेल तर निदान बरोबर करा. पीळ उजवा हवा, एका वेढ्यात बेसच्या (ए, टी, जी, सी या अक्षरांच्या) साधारण 10 जोड्या हव्यात, ए-टी जोडीत दोन बंध आणि जी-सी जोडीत तीन. बऱ्याच मॉडेलांत पीळ उलटा असतो आणि जाणकार परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

मग प्रकल्प म्हणायचं कशाला?

मोजून उत्तर मिळेल अशा एका लहान प्रश्नाला. ‘आनुवंशिकतेचे महत्त्व’ हा निबंध झाला. ‘आमच्या शाळेतल्या आरएच निगेटिव्ह मुलांच्या संख्येवरून वाहक (ते जनुक अंगात असून स्वतः निगेटिव्ह नसलेले) किती असावेत?’ हा प्रकल्प झाला.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या आधीही लोक झाडांचे संकर करत होते, पण पिढीमागून पिढी दाणे मोजत बसायचा त्याच्याइतका चिवटपणा कोणी दाखवला नव्हता. ब्रनोच्या मठात 1856 ते 1863 या काळात त्यानं वाटाणे लावले. दाण्याच्या आकाराच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले दाणे आले. भागाकार करून बघा: 2.96 ला 1. पुस्तकात 3:1 छापलेलं असतं, पण त्याच्या वहीत ते कधीच तंतोतंत नव्हतं. तुमच्याही वहीत नसणार, आणि तसंच असायला हवं.

केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग सगळेच करतात. त्यात नवं काय करता येईल?

कृती तीच ठेवा, प्रश्न बदला. कृती थोडक्यात अशी: पिकलेलं केळं अर्धं घेऊन कुस्करा. पाऊण वाटी पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड हलक्या हातानं मिसळून त्यात घाला. दहा मिनिटांनी पातळ फडक्यातून गाळा. गाळलेल्या द्रवावर फ्रीजरमध्ये थंड केलेलं अल्कोहोल भांड्याच्या कडेनं हळूच सोडा. दोन थरांच्या मध्ये पांढरे, चिकट धागे वर येतात. साबण पेशीचं आणि केंद्रकाचं पटल फोडतो, मिठामुळे डीएनएचे धागे एकमेकांना धरतात, आणि डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नसल्यामुळे तो बाहेर पडतो.

आता प्रश्न. मीठ घातलंच नाही तर किती फरक पडतो? अल्कोहोल खोलीच्या तापमानाचं असलं तर? कच्चं केळं आणि पिकलेलं केळं यांत जास्त धागे कुठे? धागे काडीवर गुंडाळा, गाळणकागदावर वाळवा आणि वजन करा. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा शाळेत नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे असतो. प्रत्येक प्रकार निदान पाच वेळा करा.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू असेल तर केळ्याऐवजी तीच घ्या. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, लागवडीच्या स्ट्रॉबेरीत आठ असतात. हंगाम नसेल तर फ्रीजरमधले मटार बारमाही मिळतात.

एक गोष्ट मात्र अहवालात लिहाच. काडीवर येतो तो शुद्ध डीएनए नसतो. त्यात आरएनए, प्रथिनं आणि फळातलं पेक्टिनही असतं, केळ्यात तर भरपूर. म्हणजे वाळवून केलेलं वजन हे डीएनएचं वजन नव्हे. गाळलेल्या द्रवात प्रथिनं तोडणाऱ्या ताज्या अननसाच्या रसाचे काही थेंब घालून प्रथिनं कमी होतात का, हे पाहणं हाच एक स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो. हा मुद्दा परीक्षकानं काढायच्या आत तुम्ही काढलात तर पुढची चर्चा वेगळ्याच पातळीवर होते.

अल्कोहोल कुठून आणायचं? सॅनिटायझर चालेल?

जेल सॅनिटायझर नको, त्यातल्या घट्ट करणाऱ्या द्रव्यामुळे सगळा गोंधळ होतो. औषधांच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते घ्या. बाटली घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि प्रयोग गॅसच्या ओट्यापासून लांब करा. लहान मुलांनी मोठ्यांना शेजारी बसवूनच करायचा.

जीभ वळवता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं यांवर वर्गात सर्वेक्षण केलं तर?

करा, पण ‘प्रभावी आणि अप्रभावी जनुकांचं उदाहरण’ म्हणून नको. हे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून आणि शिकवण्यांतून इतकं पसरलंय की खोटं म्हटलं की लोक रागावतात. जीभ वळवण्याचा गुण आनुवंशिक असल्याचं आनुवंशिकीचे अभ्यासक स्टर्टेव्हंट यांनी 1940 साली मांडलं. पुढे एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही अशा जोड्या सापडल्या, आणि 1965 साली त्यांनी स्वतःच हे उदाहरण मागे घेतलं. कानाची पाळीही ‘चिकटलेली’ आणि ‘सुटी’ अशा दोन खणांत बसत नाही. मधल्या छटा भरपूर असतात.

म्हणून प्रकल्प उलटा करा. तीस मुलांच्या कानांचे फोटो नाव न लिहिता तीन मित्रांना वेगवेगळे दाखवा आणि प्रत्येकाला ‘चिकटलेली की सुटी’ ते लिहायला सांगा. तिघांचं किती कानांवर एकमत होतं ते मोजा. पाळीचा कोन मोजून आलेख काढा. आलेखात दोन डोंगर दिसतात की एकच पसरट, यातून पाठ्यपुस्तकातला दावाच तपासला जातो. असा प्रकल्प करायला धाडस लागतं, पण खर्च शून्य.

खरोखर एकाच जनुकाशी घट्ट बांधलेला गुण हवा असेल तर पीटीसी नावाच्या रसायनाची चव घ्या. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत ही पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना काहीच लागली नाही. यामागचं मुख्य जनुक टीएएस2आर38, सातव्या गुणसूत्रावरचं. पूड विषारी आहे, तिला हात लावायचा नाही. तयार चाचणीपट्ट्या मिळतात, त्याच वापरा. तिथेही काठावरचे लोक भेटतील. ते वेगळे नोंदवा, ओढूनताणून कुठल्याही खणात टाकू नका.

रक्तगटावर प्रकल्प करायचा तर रक्त तपासावं लागेल का?

नाही. विद्यार्थ्यांनी कोणाच्याही बोटाला सुई टोचायची नाही. ज्यांना आपला रक्तगट आधीच माहीत आहे त्यांनाच विचारा, नाव लिहू नका आणि पालकांची सही घ्या.

या विषयात मला सगळ्यात आवडतं ते आरएचचं गणित. समजा, शाळेतल्या 100 मुलांपैकी 4 आरएच निगेटिव्ह निघाली. निगेटिव्ह असायला जनुकाच्या दोन्ही प्रती निगेटिव्ह लागतात, म्हणजे निगेटिव्ह जनुकाच्या प्रमाणाचा वर्ग 0.04 आणि प्रमाण 0.2. पॉझिटिव्ह जनुकाचं उरलं 0.8. मग वाहक किती? 2 × 0.8 × 0.2, म्हणजे 0.32. शंभरात चारच निगेटिव्ह, पण ते जनुक लपवून फिरणारे बत्तीस! हार्डी आणि वाइनबर्ग यांनी 1908 साली स्वतंत्रपणे मांडलेलं हे गणित नववीच्या मुलालाही झेपतं. मात्र ते काही अटींवर उभं आहे. लग्नं या गुणाकडे न बघता झालेली असणं ही त्यातली एक. आपल्याकडे लग्नं समाज पाहून होतात, तेव्हा ही अट कितपत पाळली जाते, यावर अहवालात परिच्छेदभर लिहा.

आईबाबांचा आणि मुलाचा रक्तगट जुळत नसेल तर?

या एका प्रश्नामुळे मी घरोघरच्या रक्तगटांचे वंशवृक्ष काढायला सांगत नाही. आधी शक्यता नीट समजून घ्या. ए आणि बी गटाच्या आईबाबांना ओ गटाचं मूल होऊ शकतं, त्यात काहीच विचित्र नाही. ओ आणि ओ यांना मात्र ए किंवा बी गटाचं मूल होत नाही, असं पुस्तक सांगतं.

इथेच मुंबईनं जगाला एक अपवाद दिला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘बॉम्बे रक्तगटा’चं वर्णन प्रसिद्ध केलं. ए आणि बी हे प्रतिजन (तांबड्या पेशींवरच्या खुणा) ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतात, पण त्यांच्याकडे ए किंवा बी जनुक असू शकतं आणि ते मुलाकडे जाऊन तिथे व्यक्त होऊ शकतं. भारतात साधारण दहा हजारांत एक, असं याचं प्रमाण सांगितलं जातं. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं.

अहवाल चुकीचा लिहिलेला असणं, मूल दत्तक असणं, अशीही कारणं असतात. कोणाच्या घरात संशय पेरणं हे शाळेच्या प्रकल्पाचं काम नाही. कागदावरच्या काल्पनिक कुटुंबाचं कोडं तयार करा आणि ते बॉम्बे गटानं सोडवून दाखवा.

सिकलसेलवर काय करता येईल? आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे.

मग हा विषय तुमचाच. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या आदिवासी पट्ट्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या करणारा हा आनुवंशिक आजार कुटुंबांना जवळून माहीत आहे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असा अर्थ लोक काढतात, तो चूक आहे. नाणेफेकीनं हे गावात समजावून सांगणं आणि आधी-नंतर प्रश्नावली घेऊन समज किती बदलली हे मोजणं, हा प्रकल्प झाला. कोण वाहक आहे हे मात्र कोणालाही विचारायचं नाही आणि चार्टवर लिहायचं नाही.

दुसरा प्रकल्प मण्यांचा. एकाच मापाचे लाल आणि पांढरे मणी घ्या (हाताला फरक कळता कामा नये, म्हणून राजमा आणि चवळी नको). लाल म्हणजे नेहमीचं जनुक, पांढरा म्हणजे सिकलसेलचं. 75 लाल, 25 पांढरे पिशवीत टाकून न बघता जोड्या काढा. पांढरा-पांढरा जोडी बाद. उरलेल्यांच्या प्रमाणात पुढच्या पिढीसाठी पुन्हा 100 मणी भरा. दहा पिढ्यांनी पांढरे संपतील असं वाटतं ना? हिशेबानं ते तरीही सुमारे 7 टक्के उरतात, कारण ते लाल मण्याच्या आडोशाला लपून राहतात.

आता त्यात मलेरिया आणा: लाल-लाल जोड्यांतली दर पाचवी बाद करा. वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून लाल-पांढरी जोडी तशीच ठेवायची. या वेळी पांढऱ्यांचं प्रमाण सहात एकच्या आसपास रेंगाळतं. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक का टिकलं याचं उत्तर टेबलावर दिसतं. मणी थोडे असल्यामुळे प्रत्येक फेरीत आकडे हलतील, म्हणून दोन्ही खेळ चार-पाच वेळा करून सरासरी काढा.

आम्ही शेतकरी. शेतातच करता येईल असं काही?

शेत असणाऱ्या मुलांनी केळ्याच्या मागे लागणं मला पटत नाही, तुमच्याकडे खरी प्रयोगशाळा आहे. दुकानातलं हायब्रीड बियाणं दुसऱ्या वर्षी घरचं धरून का पेरत नाहीत? वडील सांगतील, ‘माल एकसारखा येत नाही.’ किती एकसारखा येत नाही, ते मोजा.

हायब्रीड टोमॅटो किंवा मका घ्या. एका ओळीत विकत आणलेलं पहिल्या पिढीचं बी, शेजारच्या ओळीत त्याच वाणाच्या फळातून गेल्या हंगामात धरलेलं बी. ओळी आलटून-पालटून लावा, नाहीतर जमिनीचा फरक तुम्ही बियाण्याच्या नावावर लिहाल. प्रत्येकी निदान 30 झाडं. फुलोऱ्यावर उंची, पहिलं फूल यायला लागलेले दिवस, फळाचं वजन. सरासरीइतकाच फैलाव महत्त्वाचा: सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकं यांतलं अंतर, जमलं तर प्रमाण विचलन. पहिल्या पिढीतली झाडं जवळजवळ एकाच ठशाची असतात, दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांकडचे गुण सुटे होऊन वेगवेगळ्या जुळणीनं येतात. आपल्याकडे 1964 साली सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि गावोगाव ‘हायब्रीड’ हा ज्वारीचाच समानार्थी शब्द होऊन बसला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या काळाबद्दल विचारा, अहवालाची पहिली दोन पानं तिथेच मिळतील.

गावरान वाणांचं मोजमाप हाही चांगला विषय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री अशीच वाणं जपल्याबद्दल मिळाली. तुमच्या गावात घेवड्याचे, वालाचे किती प्रकार कोणाकोणाच्या घरी आहेत, प्रत्येकाच्या शंभर दाण्यांचं वजन किती, एवढं नोंदवलंत तरी ती माहिती इतरत्र कुठे नसेल.

फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत मेंडेल होता येईल का?

गुलबक्षी लावा. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी येतं, आणि गुलाबीच्या स्वपरागणातून लाल, गुलाबी, पांढरी 1:2:1 या प्रमाणात. फूल संध्याकाळी उमलतं. म्हणून दुपारीच कळी उघडून पुंकेसर चिमट्यानं काढायचे, संध्याकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, मलमलची पिशवी बांधायची आणि दोऱ्यानं खूण करायची. एका फुलाला एकच काळं बी येतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

दोन पिढ्या म्हणजे दोन हंगाम. आठवीत सुरू करून नववीत संपवायचा हा प्रकल्प आहे, नोव्हेंबरात आठवण होऊन जानेवारीत सादर करायचा नव्हे. घाई असेल तर शेजारच्या गुलाबी झाडाच्या झाकलेल्या फुलांचं बी घेऊन एकच पिढी वाढवा. तो गुलाबी खरंच लाल-पांढऱ्याचा संकर होता का, ते रोपांच्या फुलांवरून कळेल. रेघा-ठिपके असलेली झाडं टाळा, त्यांचं प्रकरण वेगळं आणि बरंच अवघड आहे.

फळमाश्या?

उत्तम, पण आईची परवानगी आधी. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला 10 ते 12 दिवस लागतात, म्हणजे महिन्याभरात दोन पिढ्या. स्वयंपाकघरात केळ्यावर येणाऱ्या माश्या एकाच जातीच्या असतील असं नाही, म्हणून ओळखीचे वाण हवेत. मैसूर विद्यापीठात फळमाशीच्या वाणांचा साठा आहे. शिक्षकांमार्फत पत्र लिहून विचारा. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर एकत्र ठेवलेत तर सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या आणि सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघतात. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गन यांना 1910 साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तिथून जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा उभा राहिला.

कांद्याच्या मुळांची स्लाइड तर अकरावी-बारावीत असतेच.

असते, म्हणून साहित्य कॉलेजात आयतं मिळतं. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात आणि ती मोठी असल्यानं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मुळं सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला कापा आणि दर 500 पेशींत विभाजन चालू असलेल्या किती, ते मोजा. हळदीच्या, चहाच्या किंवा कॅफीनच्या पाण्यात वाढवलेल्या मुळांशी तुलना करा.

आमच्याकडे प्रयोगशाळाच नाही. फक्त मोबाइल आहे.

पुरे. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी माहिती केंद्राचे प्रथिनांच्या अनुक्रमांचे साठे सगळ्यांना मोफत खुले आहेत. माणूस, डुक्कर आणि गाय यांच्या इन्सुलिनचे अनुक्रम उतरवून एकाखाली एक लिहा. साठ्यात लांब साखळी दिसेल, माणसाची 110 अमिनो आम्लांची. शरीर ती कापून 21 आणि 30 अशा दोन साखळ्यांचं इन्सुलिन बनवतं, तेवढेच भाग घ्या. डुकराचं माणसापेक्षा एका ठिकाणी वेगळं आणि गाईचं तीन ठिकाणी, हे स्वतः शोधा. मग कोंबडी, मासा, उंदीर घेऊन फरकांचा तक्ता करा आणि त्यावरून वंशवृक्ष काढा. मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेण्याआधी मधुमेहींना डुकराचं आणि गाईचं इन्सुलिन का चाललं, तेही त्यातून कळेल.

बोटांच्या ठशांवर केलं तर?

विषय चांगला. भावंडांच्या ठशांचे प्रकार अनोळखी जोड्यांपेक्षा जास्त जुळतात का, ते तपासा. फक्त ठसे आधारशी जोडलेले असतात हे विसरू नका. चार्टवर खरे ठसे चिकटवायचे नाहीत. प्रकार नोंदवायचा आणि कागद फाडून टाकायचा.

3:1 आलंच नाही. आकडे थोडे ‘नीट’ करू का?

नका. चार पिल्लांत बरोबर तीन-एक येण्याची शक्यता 42 टक्केच असते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा ते ‘चुकणारच’. आपला आकडा अपेक्षेपासून फार लांब आहे का, हे काय-स्क्वेअर चाचणी सांगते. मेंडेलच्या फुलांचा हिशेब करून बघा: 705 जांभळी, 224 पांढरी. एकूण 929, म्हणून अपेक्षा 696.75 आणि 232.25. फरक 8.25. त्याचा वर्ग प्रत्येक अपेक्षेनं भागून बेरीज केली की 0.39 येते. दोन गट असताना ही बेरीज 3.84 च्या खाली असली तर 3:1 नाकारायला कारण नाही. तुमची बेरीज 3.84 च्या वर गेली तर आनंद माना, कारण आता शोधायला काहीतरी आहे: बी कमी उगवलं का, एक प्रकार रोपावस्थेतच मेला का, मोजणाऱ्या दोघांनी ‘गुलाबी’ वेगवेगळं ठरवलं का?

कुठे पाठवायचा?

तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शन, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, इन्स्पायर-मानक, आणि सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. बालविज्ञान परिषदेला ठरलेला मुख्य विषय असतो, तो आधी बघा. बियाण्याचे आणि सिकलसेलचे प्रकल्प त्यात बऱ्याचदा बसवता येतात. तारखा आणि नियम दरवर्षी शाळेकडून खात्री करून घ्या.

परीक्षक सर्वात आधी काय मागतात?

कच्ची वही. तारखा, खाडाखोड, चहाचे डाग असलेली, पेनानं लिहिलेली. लॅमिनेट केलेला रंगीत अहवाल कोणीही छापून आणतो. वही नसेल तर दुसरा प्रश्न येतो, ‘किती मोजलेत?’, आणि त्याचं उत्तर आईकडे बघून देता येत नाही.